नवी किडनी सांभाळणारी औषधं आणि त्यांचे दोन जातींचे दुष्परिणाम

किडनी प्रत्यारोपण झालेला माणूस रुग्णालयातून घरी निघतो तेव्हा हातात औषधांची लांबलचक यादी असते. त्यातली बरीच औषधं पहिल्या वर्षभरात एकेक करून बंद होतात. दोन-तीन मात्र किडनी चालू आहे तोवर सोबत राहतात. ही प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं, म्हणजेच इम्युनोसप्रेसंट. सध्या सर्वांत जास्त वापरला जाणारा संच तिघांचा आहे: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड.

त्यांच्या दुष्परिणामांची यादी वाचून कुणालाही धडकी भरावी. हात थरथरणं, केस गळणं, साखर वाढणं, जुलाब, हाडं ठिसूळ होणं, जंतुसंसर्ग, कर्करोग. माहितीपत्रकात हे सगळं एका ओळीत छापलेलं असतं, जणू सगळे एकाच जातीचे. तसं नसतं. काही दुष्परिणाम औषध आपलं काम नीट करतंय म्हणून होतात. त्यांच्यावर लक्ष ठेवता येतं, पण ते मुळापासून काढता येत नाहीत. बाकीचे औषध नको तिथे पोचल्यामुळे होतात, आणि त्यांच्यावर बहुतेक वेळा काही ना काही उपाय निघतो. हा फरक डोक्यात बसला की कोणत्या बाबतीत स्वतः सावध राहायचं आणि कोणत्या त्रासासाठी डॉक्टरांच्या मागे लागायचं, हे उमजतं.

शरीराला परकं कसं कळतं

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. ती माणसागणिक वेगळी. सख्ख्या भावंडांतही जुळतीलच असं नाही. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी शरीरभर फिरताना ही प्रथिनं तपासत असतात. दात्याच्या किडनीवरची प्रथिनं वेगळी निघाली की टी पेशी जाग्या होतात, झपाट्याने स्वतःची संख्या वाढवतात, बी पेशींना प्रतिपिंडं (परक्या प्रथिनांना चिकटणारे रेणू, अँटिबॉडी) बनवायला लावतात आणि किडनीवर हल्ला सुरू होतो. हेच रिजेक्शन. विषाणू शिरलेली पेशी ओळखून मारणारी जी यंत्रणा आपल्याला रोज वाचवते, तीच इथे आडवी येते.

पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते, रोनाल्ड आणि रिचर्ड हेरिक. ते खरोखर एकसारखे आहेत ना, हे पाहण्यासाठी शस्त्रक्रियेआधी एकाची त्वचा दुसऱ्याला लावून बघितली होती. ती टिकली, किडनीही टिकली. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या कोणत्याही औषधाशिवाय. म्हणजे शस्त्रक्रियेचं तंत्र तेव्हाच हाती आलं होतं. अडत होतं ते जुळा भाऊ नसलेल्या बाकी सगळ्या माणसांपाशी.

त्यांच्यासाठी आधी संपूर्ण शरीरावर किरणोत्सर्गाचा मारा करून पाहिला गेला. त्याने प्रतिकारशक्ती खरंच दबली, पण बहुतेक रुग्ण जंतुसंसर्गाने गेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅझाथायोप्रिन हे औषध आलं, त्याला स्टिरॉइडची जोड मिळाली आणि जुळा नसलेल्या दात्याची किडनीही टिकू लागली. तरी रिजेक्शनचं प्रमाण मोठं होतं. चित्र पालटलं ते सायक्लोस्पोरिनने. १९७८ मध्ये केंब्रिजला रॉय काल्न यांनी ते रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

मातीतून आलेली औषधं

सायक्लोस्पोरिन ज्या बुरशीपासून मिळालं ती नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीत सापडली होती. टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जिवाणूपासून वेगळं केलं गेलं. सिरोलिमस आलं ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून. मायकोफेनोलेटचं मूळ द्रव्य तर १८९० च्या दशकातच एका इटालियन संशोधकाला पेनिसिलियम बुरशीत मिळालं होतं. त्याचा प्रत्यारोपणासाठी उपयोग व्हायला पुढे शंभर वर्षं लागली.

ही माहिती गमतीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. या सूक्ष्मजीवांना माणसाच्या किडनीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी ही रसायनं मातीतल्या आपल्या शेजाऱ्यांना रोखायला बनवली असावीत. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन दोन्ही कॅल्सिन्युरिन नावाचं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. हे विकर इतकं जुनं आहे की यीस्टमध्येही असतं. आपल्या टी पेशींना जागं होण्यासाठी ते लागतं, म्हणून औषध उपयोगी पडतं. पण ते मेंदूच्या पेशींत, स्वादुपिंडात आणि खुद्द किडनीतही आहे. पुढे येणाऱ्या अर्ध्याअधिक दुष्परिणामांचं मूळ इथे आहे. औषध टी पेशींसाठी देतात, पण ते फक्त टी पेशी शोधत जात नाही.

कोण कुठे अडवतं

टी पेशी जागी होताना आतली घडामोड ढोबळमानाने अशी: बाहेरून संदेश आला की पेशीतलं कॅल्सिन्युरिन चालू होतं, त्यामुळे इंटरल्यूकिन-२ नावाचा रेणू तयार होतो, आणि हा रेणू पेशींना विभागून संख्या वाढवायला सांगतो. विभाजनासाठी नवा डीएनए लागतो.

टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन पहिल्याच पायरीला अडवतात. सिरोलिमस आणि एव्हरोलिमस ‘विभागा’ हा हुकूम पेशीच्या आत पोचू देत नाहीत. मायकोफेनोलेट आणि अ‍ॅझाथायोप्रिन नव्या डीएनएसाठी लागणारा कच्चा माल तोडतात. मायकोफेनोलेटची खुबी अशी की इतर बऱ्याच पेशी हा माल जुन्या मालातून पुन्हा बनवू शकतात, टी आणि बी पेशींना मात्र तो नव्यानेच तयार करावा लागतो. म्हणून त्यांच्यावर मार जास्त बसतो. स्टिरॉइड एका जागी न थांबता अनेक ठिकाणी, सरसकट दाह शमवतं; त्यामुळे त्याचे दुष्परिणामही सरसकट.

याशिवाय शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून एक जोरदार औषध दिलं जातं, कारण रिजेक्शनचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. धोका कमी असेल तर बॅसिलिक्सिमॅब, जास्त असेल तर टी पेशींची संख्याच घटवणारं एटीजी. पुढे महिने सरतात तसे गोळ्यांचे डोसही उतरत जातात. पहिल्या महिन्यातला त्रास आयुष्यभर तसाच राहील असं समजून घाबरलेल्या माणसाला हे आवर्जून सांगायला हवं.

तीन औषधं एकत्र का? एकाच औषधावर विसंबलं तर त्याचा डोस इतका वाढवावा लागेल की ते सोसणार नाही. वेगवेगळ्या पायऱ्यांवर थोडं थोडं अडवलं तर परिणाम एकत्र येतो, दुष्परिणाम मात्र विखुरतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिंफनी’ नावाच्या चाचणीत १,६४५ रुग्णांवर चार पद्धतींची तुलना झाली. कमी डोसचं टॅक्रोलिमस, सोबत मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड, हा संच सरस ठरला. आजच्या चिठ्ठीत हेच त्रिकूट दिसतं त्यामागे या चाचणीचा मोठा वाटा आहे.

काम केल्याची किंमत

आता दुष्परिणामांची पहिली जात. प्रतिकारशक्ती दाबली की जंतूंना मोकळीक मिळते. औषध कोणतंही असो, हे होणारच. पण हा धोका सगळा काळ सारखा नसतो. पहिल्या महिन्यात संसर्ग होतात ते बहुतेक शस्त्रक्रियेशी जोडलेले: जखम, लघवीची नळी, छाती. साधारण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात असे जंतू डोकं वर काढतात जे धडधाकट माणसाला सहसा त्रास देत नाहीत किंवा अंगात आधीपासून झोपून असतात. सीएमव्ही हा विषाणू, न्यूमोसिस्टिस ही फुप्फुसाला धरणारी बुरशी, जुना क्षयरोग. म्हणून या काळात व्हॅल्गॅनसायक्लोव्हिर आणि कोट्रायमॉक्साझोलसारखी औषधं आधीच चालू ठेवतात. त्यानंतर धोका उतरतो, शून्य होत नाही.

इथे एक फसवी गोष्ट आहे. ताप, सूज, लाली, वेदना या खुणा जंतूंपेक्षा प्रतिकारशक्तीच्या हालचालीमुळे जास्त दिसतात. तीच दबलेली असेल तर मोठा संसर्गही किरकोळ तापाच्या आडून येतो. एरवी दोन दिवस वाट बघून चालेल असा ताप प्रत्यारोपण झालेल्या माणसाने त्याच दिवशी कळवायचा असतो, तो या कारणाने.

कर्करोगही याच जातीतला. शरीरात बिघडलेल्या पेशी शोधून काढण्याचं काम टी पेशीच करतात. प्रत्यारोपणानंतर कर्करोगाचा एकूण धोका सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत दोन ते चार पट धरला जातो. ही वाढ सगळीकडे सारखी नसते. स्तन किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगात ती फारशी दिसत नाही. जिथे विषाणूचा हात असतो किंवा जिथे ऊन लागतं, तिथे ती ठळक आहे. त्वचेचा स्क्वेमस पेशींचा कर्करोग गोऱ्या कातडीच्या रुग्णांत कित्येक पटींनी वाढतो. एब्स्टाइन-बार विषाणूमुळे होणारा लिम्फोमासारखा (लसिका ग्रंथींच्या कर्करोगासारखा) आजार विरळा असला तरी ओळखून असावा: मानेत, काखेत, जांघेत गाठी, कारण नसताना वजन उतरणं, रेंगाळणारा ताप. उन्हात अंग झाकणं, सनस्क्रीन लावणं, वर्षातून एकदा त्वचा दाखवणं आणि वयानुसार ठरलेल्या तपासण्या न चुकवणं, एवढं हातात आहे आणि ते कमी नाही.

लसींचा नियमही इथूनच येतो. जिवंत पण दुबळे केलेले जंतू असलेल्या लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, तोंडावाटे द्यायचा पोलिओ, या प्रत्यारोपणानंतर टाळतात. शक्यतो त्या आधीच उरकून घेतात. फ्लू, न्यूमोकोकस, हिपॅटायटिस बी यांच्या निर्जीव लसी चालतात, नव्हे घ्यायच्याच असतात. फक्त दबलेल्या प्रतिकारशक्तीत त्यांचा असर थोडा कमी पडतो.

आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णं, काढे, गोळ्या? विचार करा. रोज सकाळ-संध्याकाळ एक औषध प्रतिकारशक्ती दाबायला घ्यायचं आणि मध्ये तिला उठवायला दुसरं. सुदैवाने यातली बरीच उत्पादनं काहीच करत नाहीत. काही मात्र यकृतातल्या विकरांना हात घालतात आणि टॅक्रोलिमसची पातळी बिघडवतात. प्रेमाने दिलेल्या पुडीला नाही म्हणणं अवघड जातं, पण म्हणावं.

नको तिथे पोचल्याचे परिणाम

दुसऱ्या जातीत प्रत्येक औषधाची आपली स्वतंत्र ओळख आहे.

टॅक्रोलिमसने हात थरथरतात. सही बिघडते, कप धरताना पेय हिंदकळतं. झोप उडते, डोकं दुखतं, केस विरळ होतात. रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि मॅग्नेशियम उतरतं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर परिणाम होऊन मधुमेह सुरू होऊ शकतो. सोबतचं स्टिरॉइड इन्सुलिनचा असर कमी करतं, त्यामुळे दोघं मिळून साखर वाढवतात. सायक्लोस्पोरिनचं काही बाबतीत उलटं आहे. त्याने केस गळत नाहीत, नको तिथे वाढतात. हिरड्या फुगून दातांवर येतात. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, युरिक आम्ल चढतं. टॅक्रोलिमस पुढे गेलं ते रिजेक्शन रोखण्यात सरस म्हणून, पण चेहऱ्यावरचे केस आणि फुगलेल्या हिरड्या यांना कंटाळलेल्या रुग्णांचाही त्याला कौल होता असं मला वाटतं.

मायकोफेनोलेटचा राग पोटावर निघतो: जुलाब, मळमळ, पोटात मुरडा. आणि अस्थिमज्जेवर: पांढऱ्या पेशी उतरतात. इथे डॉक्टरांचीही पंचाईत होते, कारण त्याच काळात चालू असलेली व्हॅल्गॅनसायक्लोव्हिर आणि कोट्रायमॉक्साझोल दोन्ही पांढऱ्या पेशी उतरवतात, आणि सीएमव्ही विषाणूही तेच करतो. म्हणून आकडा घसरला की कोणता डोस कमी करायचा हे अंदाजाने ठरत नाही. मायकोफेनोलेटबद्दल आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. गर्भावस्थेत ते घेतलं तर गर्भपात आणि बाळात जन्मजात व्यंगं होण्याचा धोका मोठा आहे. मूल हवं असणाऱ्या स्त्रीला गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी ते बंद करून बहुधा अ‍ॅझाथायोप्रिनवर आणलं जातं. प्रत्यारोपणानंतर आई होता येतं. किमान एक वर्ष थांबून, किडनी स्थिर असताना, ठरवून. नको असेल तेव्हाही काळजी घ्यावीच लागते, कारण डायलिसिसच्या काळात बंद पडलेली पाळी नव्या किडनीनंतर लवकर परतते आणि पुष्कळांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

स्टिरॉइड सगळ्यांच्या ओळखीचं. भूक वाढते, चेहरा गोल होतो, मुरुमं येतात, मनःस्थिती वरखाली होते, कातडी पातळ होते. वर्षानुवर्षांत मोतीबिंदू, ठिसूळ हाडं, आणि कधी खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजणं. चालताना जांघेत सतत दुखत असेल तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये, एमआरआय करून घ्यावा. पण हेच औषध मनाने एकदम सोडणं सर्वांत घातक. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर आपलं स्वतःचं बनवायचं थांबवतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो.

सिरोलिमस आणि एव्हरोलिमसने तोंडात फोड येतात, लघवीतून प्रथिनं जातात, पायांना सूज येते, आणि जखम भरायला वेळ लागतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेच सिरोलिमस देणं टाळतात आणि मोठं ऑपरेशन ठरलं की काही काळ औषध बदलतात. त्यांचा एक फायदाही आहे: त्वचेचे कर्करोग पुन्हा पुन्हा होणाऱ्या रुग्णाला टॅक्रोलिमसवरून सिरोलिमसवर नेलं तर ते कमी होतात.

किडनी वाचवणारं औषध किडनीलाच दुखवतं

सर्वांत विचित्र दुष्परिणाम मुद्दाम वेगळा ठेवला आहे. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या आवळतात. डोस जास्त झाला की किडनीला रक्त कमी मिळतं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचं रक्तातलं टाकाऊ द्रव्य, चढतं. डोस उतरवला की बहुधा पूर्ववत होतं. पण वर्षानुवर्षं थोडं थोडं हेच चालू राहिलं तर किडनीत पट्ट्यापट्ट्यांनी व्रण तयार होतात आणि ते परत भरत नाहीत. हे औषधामुळेच होतं हे कसं कळलं? हृदयाचं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांकडे पाहून. त्यांच्या किडन्या स्वतःच्या होत्या, रिजेक्शनचा प्रश्नच नव्हता, तरी सायक्लोस्पोरिन घेतल्यावर त्या बिघडू लागल्या. १९८४ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झालं.

आता डॉक्टरांसमोरचं कोडं बघा. रुग्णाचं क्रिएटिनिन १.२ वरून १.७ वर गेलं आहे. रुग्णाला काहीच होत नाही. प्रत्यारोपण करताना किडनीच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे आत रिजेक्शन चालू असूनही बहुतेकदा दुखत नाही. आकडा का चढला? कदाचित औषध कमी पडलं आणि रिजेक्शन सुरू झालं. मग औषध वाढवायला हवं. कदाचित औषध जास्त झालं आणि वाहिन्या आवळल्या. मग ते कमी करायला हवं. तिसरी शक्यता बीके विषाणूची. हा बहुतेकांच्या लघवीच्या मार्गात लहानपणापासून गपचूप असतो, प्रतिकारशक्ती जास्त दबली की किडनीच्याच पेशींत वाढतो. त्याच्यावर खात्रीचं असं औषध नाही. प्रतिकारशक्तीला थोडी सैल सोडणं हाच मुख्य उपाय. आणि चौथी, साधी शक्यता: पाणी कमी प्यायलं, जुलाब झाले, किंवा अंगदुखीवर आयब्युप्रोफेन घेतली.

रक्ताच्या अहवालात एकच आकडा, पण उपाय एकमेकांच्या विरुद्ध. म्हणूनच बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं, सांगतात, रक्तातल्या औषधाची पातळी मागतात, विषाणूची तपासणी पाठवतात. ‘एवढ्याशा वाढीसाठी सुई कशाला’ हा प्रश्न रुग्णाच्या मनात येणं साहजिक आहे. उत्तर असं की इथे चुकीच्या दिशेने टाकलेलं पाऊल किडनी घालवू शकतं.

लेव्हल

टॅक्रोलिमसच्या बाबतीत पुरेसा डोस आणि विषारी डोस यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. त्यातून एकच डोस दोन माणसांच्या रक्तात दोन वेगळ्या पातळ्या देतो. हे औषध मोडणारं विकर काहींच्या शरीरात जनुकांमुळे फार जोमाने चालतं; त्यांना इतरांपेक्षा बराच मोठा डोस लागतो. शेजारच्या रुग्णाला एक मिलिग्रॅम आणि मला चार का, याचं उत्तर बहुधा इथे असतं.

म्हणून गोळीचे मिलिग्रॅम मोजून भागत नाही, रक्तातली पातळी मोजावी लागते. ती पुढची गोळी घेण्याआधी, दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर आदल्या गोळीनंतर बारा तासांनी. गच्चीवरची टाकी पुन्हा भरण्याआधी तळाशी किती पाणी उरलंय ते बघण्यासारखं आहे हे. तपासणीच्या दिवशी सवयीने सकाळची गोळी घेऊन गेलात तर आलेला आकडा फुगलेला असतो आणि त्यावरून कुणी डोस कमी केला तर नुकसान तुमचं. गोळी खिशात ठेवून जावं, रक्त दिल्यावर घ्यावी. चुकून घेतलीच असेल तर तसं सांगावं.

ही पातळी बाहेरच्या कितीतरी गोष्टींनी हलते. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन आणि सिरोलिमस यकृतात आणि आतड्यात ज्या विकराने मोडतात, तेच विकर इतर ढीगभर औषधांनाही लागतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं, फ्लुकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं, रक्तदाबाचं डिल्टिआझेम, यांनी पातळी चढते. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातल्या पपनसानेही चढते. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, यांनी ती उतरते. रिफॅम्पिसिनने तर इतकी की डोस कित्येक पट वाढवावा लागू शकतो. घसा धरला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं साधं प्रतिजैविक आठवड्याभरात हात थरथरवायला आणि क्रिएटिनिन चढवायला पुरेसं असतं. नवी गोळी कुणीही दिली, दंतवैद्यांनी दिली तरी, आधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारायचं हा नियम त्यामुळे.

जुलाबांचा परिणाम अनेकांना उलटा वाटतो. पोट बिघडलं तर औषध वाहून जाऊन पातळी उतरेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात टॅक्रोलिमसची पातळी चढते, कारण औषध मोडणारं विकर आतड्याच्या अस्तरात असतं आणि जुलाबात तेच दुखावतं. वर शरीरातलं पाणी गेलेलं. दोन्ही मिळून किडनीला दणका बसतो.

उपाशीपोटी की खाऊन? टॅक्रोलिमस उपाशीपोटी जास्त शोषलं जातं. पण रोज एकाच पद्धतीने घेणं याला जास्त महत्त्व आहे. तसंच कंपनीचं. एकाच औषधाचे वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्रँड कागदावर सारखे असले तरी अदलाबदल करायचीच तर पातळी पुन्हा तपासून. दिवसातून एकदाची हळू विरघळणारी कॅप्सूल आणि दोनदाची साधी कॅप्सूल ही तर एकमेकांच्या जागी चालतच नाहीत. नावं इतकी सारखी असतात की औषधाच्या दुकानातही गोंधळ होऊ शकतो. पाकीट हातात आलं की नाव पूर्ण वाचावं.

अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. युरिक आम्लासाठी दिलं जाणारं अ‍ॅलोप्युरिनॉल त्याच्यासोबत घेतलं तर अ‍ॅझाथायोप्रिन मोडण्याची वाट बंद होते आणि अस्थिमज्जा बसते. दोन्ही औषधं इतकी जुनी आणि सरावाची आहेत की लक्षातून सुटू शकतं.

न बोललेले त्रास

डॉक्टर दुष्परिणामांची वर्गवारी करतात तेव्हा जिवाला धोका असलेले वर जातात आणि गोल चेहरा, मुरुमं, केस, थरथरणारे हात हे ‘किरकोळ’ खाली. वैद्यकाच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण सोळा वर्षांच्या मुलीसाठी सहा महिन्यांत ओळखू न येणारा चेहरा किरकोळ नसतो. किशोरवयीन आणि विशीतल्या रुग्णांत किडनी गमावण्याचं प्रमाण जास्त असतं आणि गोळ्या चुकवणं हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. काही जण विसरतात. काही जण मुद्दाम कमी घेतात आणि कुणाला सांगत नाहीत.

गोळ्या चुकवल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत नाही, हीच अडचण. एक-दोन डोस सुटले, काही झालं नाही, धीर वाढतो. दरम्यान शरीर दात्याच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं. ती किडनीच्या रक्तवाहिन्यांना महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं कुरतडतात. क्रिएटिनिन चढतं तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं, आणि या प्रकारचं रिजेक्शन परतवणं आजही अवघड आहे.

म्हणून दुसऱ्या जातीचा प्रत्येक त्रास, कितीही क्षुल्लक वाटला तरी, बोलून दाखवावा. तिथेच बदल करायला सर्वांत जास्त वाव असतो. टॅक्रोलिमसची पातळी जरा खाली आणली किंवा हळू विरघळणारा प्रकार दिला की थरथर अनेकदा कमी होते. हिरड्या आणि नको असलेले केस सायक्लोस्पोरिन बदलल्यावर ओसरतात. जुलाबांसाठी मायकोफेनोलेटचा डोस विभागून देता येतो किंवा आतड्यात विरघळणारा प्रकार वापरता येतो. साखर फारच चढली तर संच बदलण्याचा विचार होतो. टॅक्रोलिमस किडनीला सोसतच नसेल तर काही रुग्णांसाठी बेलाटासेप्ट आहे, २०११ पासून वापरात आलेलं, दर महिन्याला शिरेतून द्यायचं, किडनीच्या वाहिन्या न आवळणारं. मात्र ज्यांना एब्स्टाइन-बार विषाणूची लागण कधीच झालेली नाही त्यांना ते देत नाहीत, कारण त्यांच्यात लिम्फोमासारख्या आजाराचा धोका फार वाढतो.

एखादी गोळी राहूनच गेली तर लवकर लक्षात आल्यावर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकत्र घेऊ नयेत. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा घ्यायची की नाही हे किती वेळ गेला त्यावर ठरतं, आणि त्याचा नियम प्रत्येक केंद्राचा थोडा वेगळा असतो. तो आजच विचारून, चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून ठेवावा.